सांगलीचं बिऱ्हाड बेंगळूरुला हलवावं का?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. आधी परिस्थिती माझ्या शब्दांत मांडते. काही चुकलं असेल तर तिथेच थांबवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

तुम्ही कुपवाड एमआयडीसीत ११ वर्षं डिझाइन इंजिनिअर आहात, हातात ६८ हजार येतात. बेंगळूरुजवळच्या बोम्मसंद्र्याच्या एका कंपनीने १६ लाखांचं पॅकेज दिलंय आणि दहा दिवसांत उत्तर मागितलंय. वहिनी अनुदानित शाळेत विज्ञान शिकवतात, कायम आहेत, त्यांचे ५८ हजार. मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत, दोघंही सेमी इंग्रजीत. आई-अण्णा तुमच्याजवळच राहतात. अण्णांची बायपास झालीय आणि औषधपाणी मिरजेच्या डॉक्टरांकडे चालतं. घर मारुती चौकाकडे, स्वतःचं, कर्ज फिटलेलं. तुमचा प्रश्न एका ओळीचा आहे: सगळ्यांना घेऊन जावं का?

मी २४ वर्षं कारखान्यांच्या मनुष्यबळ विभागात काढली, आधी पुण्यात आणि मग बेंगळूरुजवळच्या होसूरला. बदलीवर येणाऱ्या कुटुंबांना घर, शाळा, दवाखाना दाखवणं हेच माझं काम होतं. त्यातली किती टिकली आणि किती दीड वर्षात परत गेली, हे डोळ्यांनी बघितलंय. म्हणून आडपडदा न ठेवता सांगते: आज जे आकडे आणि ज्या अटी तुमच्यासमोर आहेत, त्यांवर सहा जणांचं बिऱ्हाड हलवू नका. काही गोष्टी बदलल्या तर माझं उत्तर बदलेल, त्या पुढे सांगते.

आधी पैसा, कारण इथे तुमची सरळ गल्लत झालीय. तुम्ही १६ लाखांना १२ ने भागून महिना १ लाख ३३ हजार धरलेत. ऑफर लेटरचं दुसरं पान काढा. त्यात कंपनीचा पीएफचा हिस्सा आहे, ग्रॅच्युइटी आहे आणि १ लाख ६० हजार 'व्हेरिएबल' आहेत. व्हेरिएबल म्हणजे वर्षाअखेरीला कंपनीचं आणि तुमचं काम बघून मिळणारी रक्कम, तिच्यावर घरभाडं ठरवायचं नसतं. हे सगळं वजा केलं, तुमचा पीएफ आणि नव्या पद्धतीचा आयकर कापला, की हातात ९८ हजार ते १ लाख येतील. आज तुमच्या घरात दोघांचे मिळून १ लाख २६ हजार येतात आणि भाडं शून्य आहे.

तिकडे तुम्ही पाहिलेल्या दोन बेडरूमच्या घराचं भाडं ३२ हजार आणि मेंटेनन्स ४ हजार. दोन मुलांची फी तुम्हीच लिहिलीय, वर्षाला २ लाख ४० हजार, म्हणजे महिन्याला २०, आणि स्कूल बसचे ५ हजार. एक लाखातून हे ६१ हजार गेले की ३९ हजार उरतात. त्यात सहा माणसांचा किराणा, दूध, वीज, गॅस, अण्णांची औषधं, सांगलीच्या फेऱ्या आणि गावाकडची लग्नकार्यं. बेंगळूरुत डिपॉझिटही जड असतं, एके काळी दहा महिन्यांचं भाडं घ्यायची रीतच होती. आता पाच-सहा महिन्यांवर भागतं, तरी सुरुवातीलाच दोन लाख अडकले. घर सोडताना रंगकामाच्या नावाखाली महिनाभराचं भाडं त्यातून कापून घेतात, तेही धरून चला. पगार वाढतोय असं वाटतंय, पण वहिनींची नोकरी सुटली तर घरात येणारा पैसा कमी होतोय. हा हिशेब आज रात्री दोघांनी वहीत मांडा. मोबाइलवर नको, वहीतच. खोडलेले आकडेसुद्धा दिसले पाहिजेत.

आता वहिनी. तुमच्या पत्रात त्यांच्या नोकरीवर एकच वाक्य आहे: 'तिला तिकडे कुठेही मिळेल.' मिळेल, विज्ञानाच्या शिक्षकाला खासगी शाळेत काम मिळतं. पण तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून तुटपुंज्या मानधनावर काढून, मान्यतेची फाइल शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात हलवून हलवून जी जागा मिळाली, ती राजीनामा दिल्यावर परत मिळत नाही. तुमची नोकरी तशी नाही. बोम्मसंद्र्यात जमलं नाही तर कुपवाड, शिरोली, चाकण कुठेही तुम्हाला पुन्हा उभं राहता येईल. जाण्याचा निर्णय घेताना मी सगळ्यात आधी हे बघते, की कोणाची गेलेली गोष्ट परत मिळते आणि कोणाची मिळत नाही. जी मिळत नाही तिला शेवटपर्यंत हात लावायचा नाही. तेव्हा वहिनींनी राजीनामा द्यायचा नाही. गरज पडलीच तर बिनपगारी रजा नियमात किती बसते, ते मुख्याध्यापकांना आणि संस्थेला विचारायचं आणि जे मिळेल ते लेखी घ्यायचं. तोंडी 'बघू हो, तुम्ही जाऊन या' यावर जाऊ नका. संचालक मंडळ बदलतं आणि नव्या मंडळाला जुन्या शब्दाचं काही वाटत नाही.

होसूरला असताना एक जोडपं आलं होतं, ते कोल्हापूरकडचं. ती बँकेत होती आणि नवऱ्याच्या बढतीसाठी नोकरी सोडून आली. घर छान मिळालं, मुलगा रुळला. आठ-नऊ महिन्यांनी मी सहज घरी गेले तर ही बाई स्वयंपाकघरातल्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरून, पेन्सिलने लोकांच्या आयकराचे हिशेब करत बसलेली. शेजारणीचा हिशेब, वॉचमनचा हिशेब, फुकटात. म्हणाली, 'मॅडम, आकडे बघितले नाहीत की दिवस जात नाही.' त्या दिवसापासून मी बायकोशी वेगळं बोलल्याशिवाय कोणत्याही कुटुंबाला घर दाखवलं नाही.

मुलीचं वय ही या सगळ्यातली खरी मेख आहे, आणि याबद्दल तुम्हाला कोणीच सांगितलेलं दिसत नाही. तुम्ही लिहिलंय की तिला डॉक्टर व्हायचंय, 'पण ते आत्ता काय सांगता येतं.' आत्ताच सांगावं लागेल. महाराष्ट्रात सरकारी मेडिकल कॉलेजातल्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरतात. त्या कोट्यात बसायला अधिवास दाखला तर लागतोच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून झालेली असावी लागते. सरकारी नोकरांच्या मुलांना काही सवलती आहेत, तुम्ही खासगीत आहात, त्या तुम्हाला लागू नाहीत. मुलगी बेंगळूरुत दहावी झाली की हा दरवाजा बंद. मग कर्नाटकचा कोटा? तिथला सरळ मार्ग असा, की पहिली ते बारावीपैकी किमान ७ वर्षं कर्नाटकात शिकलेली असावीत आणि दहावी किंवा बारावी तिथून झालेली असावी. तुमची मुलगी नववीला गेली तर बारावीपर्यंत चारच वर्षं भरतात. म्हणजे धड इकडची नाही, धड तिकडची नाही. उरतो १५ टक्के अखिल भारतीय कोटा आणि खासगी-अभिमत कॉलेजं, ज्यांची फी तुमच्या ३९ हजारांतून निघणारी नाही.

तोच नियम मुलाला लावून बघा. तो चौथीला गेला तर बारावीपर्यंत नऊ वर्षं भरतात, कर्नाटकचा कोटा त्याला खुला होतो. एकाच घरातली दोन मुलं, एकच शहर, आणि उत्तर उलटं. म्हणून 'मुलांना तिकडे चांगलं शिक्षण मिळेल' हे वाक्य मला चालत नाही, कोणत्या मुलाला ते विचारावं लागतं.

मुलीचा ओढा इंजिनिअरिंगकडे असता तर मी इतकं अडवलं नसतं. अभियांत्रिकीला अधिवास दाखल्यावर महाराष्ट्रातली वाट उघडी राहते, आणि कर्नाटकातल्या खासगी कॉलेजांसाठी कॉमेड-के ही परीक्षा देशभरातल्या मुलांना देता येते. पण नियम दर वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघायचे, माझ्या किंवा कोणाच्या आठवणीवर नाही. तुम्ही ओबीसीत आहात असंही लिहिलंय. महाराष्ट्राचा जातीचा दाखला कर्नाटकच्या राज्य कोट्यात आरक्षणासाठी चालत नाही. प्रत्येक राज्याची यादी त्या राज्यातल्यांसाठी असते. हे लोकांना प्रवेशाच्या खिडकीपाशी कळतं आणि मग रडारड होते.

शाळा बदलायचीच ठरली तर ती या वर्षी, नववीच्या सुरुवातीला, नाहीतर थेट दहावीनंतर. मधलं काहीच करू नका. सीबीएसईत मुलांची नोंदणी नववीत होते आणि थेट दहावीत प्रवेश पालकांच्या बदलीसारख्या ठरावीक कारणांवरच मिळतो. कर्नाटकात कन्नड शिकण्याचा २०१५ चा कायदा आहे, सीबीएसई शाळांतही ती भाषा येते. तिसरीच्या मुलाला ती खेळता खेळता येईल. नववीतल्या मुलीला गणित-विज्ञानाच्या जोडीला नवी लिपी गिरवावी लागेल, आणि वर्गात सगळ्यांत मागे राहण्याचा अनुभव तिला पहिल्यांदाच येईल. ती हुशार आहे म्हणूनच तिला ते जास्त लागेल.

शाळेचं कॅलेंडरही बघा. तिथल्या काही सीबीएसई शाळा एप्रिलमध्ये नवं वर्ष सुरू करतात. सांगलीची परीक्षा देऊन, सुट्टी काढून जूनमध्ये गेलात तर अशा शाळेत दोन महिन्यांचा अभ्यास आधीच झालेला असतो. शाळा सोडल्याचा दाखला आठवीपर्यंतच्या मुलांना मुख्याध्यापकांनी लगेच द्यायचा असतो, शिक्षणहक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे. पण परराज्यात जाताना त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागतात. त्यासाठी झेडपीत दोन खेपा होतील हे धरून ठेवा.

आई-अण्णांबद्दल तुम्ही सगळ्यांत जास्त घाबरलाय आणि मला तिथेच सगळ्यांत कमी भीती वाटते. आईचं माहेर जतकडचं, त्यांना कन्नड येतं, असं तुम्हीच लिहिलंय. अहो, मग त्या घरात त्या एकट्याच पहिल्या दिवसापासून भाजीवालीशी भांडू शकतील! तुम्ही दोघं आणि मुलं त्यांच्यावर अवलंबून राहाल. म्हाताऱ्या माणसाला नव्या गावात मान मिळायला याहून चांगली गोष्ट नाही. अण्णांच्या हृदयाचं म्हणाल, तर बोम्मसंद्र्यालाच नारायणा हृदयालय आहे, आणि शहरात जयदेव हे सरकारी हृदयरोग रुग्णालय आहे, त्याच्या नावाचं मेट्रो स्टेशनच आहे. उपचाराची उणीव पडणार नाही. उणीव पडेल ती मिरजेच्या डॉक्टरांची, जे अण्णा खोलीत शिरताना त्यांच्या चालण्यावरून ओळखतात. तेव्हा जायच्या आधी त्यांच्याकडून सगळ्या इतिहासाचं एक पानी पत्र लिहून घ्या: बायपास कधी झाली, कोणतं औषध सोसलं नाही, शेवटचा इको कधीचा. जाड फाइल नवा डॉक्टर वाचत नाही. एक पान वाचतो.

उलट त्यांना सांगलीत एकटं ठेवण्याचा विचार तुम्ही सहज मांडलाय, तो मला जास्त काळजीचा वाटतो. तुमचं घर मारुती चौकाकडे आहे. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ ला धोका, हे मी तुम्हाला सांगायला नको. २००५, २०१९, २०२१, तीनही पूर तुम्ही बघितलेत. ऑगस्टमधल्या एका रात्री अण्णांना वरच्या मजल्यावर कोण नेईल, गाडी कोण काढेल, औषधांचा डबा कोण उचलेल? या तीन प्रश्नांना माणसांची नावं लिहा. 'शेजारी आहेत की' हे नाव नव्हे.

घराचं बघणं. कंपनीकडून मुलाखतीला गेलात ती फेरी यात धरू नका. वहिनींना आणि आईला घेऊन चार दिवस जा, तेही कामाच्या दिवसांत. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने दुपारी बसलात की दुसऱ्या दिवशी सकाळी बेंगळूरु. ऑगस्ट २०२५ पासून आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र ही पिवळी मेट्रो धावतेय. घर तिच्या स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावरच बघा. सिंगसंद्र, होसा रोड, इलेक्ट्रॉनिक सिटी, हेब्बगोडी, असा तो पट्टा आहे. स्वस्त म्हणून आडबाजूला घेतलेलं घर रोज दोन तास खातं. सकाळी साडेआठला त्या घरापासून कंपनीच्या गेटपर्यंत स्वतः जाऊन बघा, रविवारी नको.

आणि पाणी. माझ्याबरोबर एकदा घर बघायला एक आजी आल्या होत्या, सातारच्या. सगळे हॉलमधून दिसणारा देखावा बघत होते, आजी सरळ बाथरूममध्ये गेल्या, नळ सोडला, ओंजळ भरली, तोंडात घेऊन चूळ भरली आणि म्हणाल्या, 'यात डाळ शिजायची नाही.' बोअरचं जड पाणी होतं. घरवाल्यांनी हसून सोडून दिलं. दोन महिन्यांत गीझरची कॉइल पांढरी पडली, तूरडाळ कुकरच्या सहा शिट्ट्यांना दाद देईना, आणि धाकटीचे केस गळायला लागले. २०२४ च्या उन्हाळ्यात बेंगळूरुने पाण्यासाठी काय सोसलं ते सगळ्या देशाने बघितलं. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये कावेरी पाणीयोजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला, पण तुमच्या सोसायटीत कावेरी आलीय की बोअर आणि टँकरवर चाललंय, हे दलालाला विचारू नका. वॉचमनला विचारा, मार्च-एप्रिलमध्ये दिवसाला किती टँकर लागतात. तो खरं सांगतो.

घर भाड्याचंच घ्या. पहिली दोन वर्षं तिथे फ्लॅट विकत घेण्याचा विषय काढू नका. तिथल्या मालमत्तेच्या नोंदीत ए खाता आणि बी खाता म्हणजे काय हे नीट कळायलाच वर्ष जातं. सांगलीचं घर विकायचं तर मुळीच नाही. एमएच-१० ची गाडी नेलीत तर बारा महिन्यांच्या पुढे ती तिथे ठेवताना आरटीओचा ना हरकत दाखला आणि कर्नाटकचा आजीवन कर लागतो, महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग नंतर परत मागता येतो. नव्या कंपनीची कार्यालयं चार किंवा जास्त राज्यांत असतील तर राज्य बदललं तरी चालणारा बीएच मालिकेचा नंबर मिळतो का, तेही विचारून ठेवा.

तुम्ही विचारलंय, 'मी एकटा सहा महिने जाऊन बघू का?' जा, पण सहा महिन्यांची तारीख भिंतीवर लिहून जा. मी बघितलेल्या घरांत 'सहा महिने' सहज तीन वर्षं होतात. आधी प्रोबेशन संपू दे, मग मुलाची परीक्षा, मग दिवाळी. एका घरी मी जेवायला होते तेव्हा स्टीलच्या डब्याला मोबाइल टेकवून ठेवला होता. त्यात बाप तिकडे मेसचं ताट घेऊन बसला होता आणि इकडे पोरगा भाकरी मोडत होता. दोघंही काही बोलत नव्हते, नुसते एकाच वेळी जेवत होते. आईने मला हळूच सांगितलं, रोज असंच. दुसरं वर्ष होतं ते. पगार छान येत होता.

आता मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं ते. उद्या-परवा मुलीला घेऊन एकटीच बाहेर जाईन. कुठे जायचं ते तिला ठरवू दे, पण बरोबर आई, आजी कोणी नको. तिला वर लिहिलेला ८५ टक्क्यांचा नियम नीट समजावून सांगेन, आणि मग विचारेन. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला हे कळतं. मोठ्यांनी न सांगताच ठरवलं तर ती आयुष्यभर ते विसरत नाही. ती मेडिकल म्हणाली तर सहा जणांचं बेंगळूरु इथेच संपलं. मग याच ऑफरचा कागद घेऊन चाकण-तळेगावकडे अर्ज टाका. पुणे सांगलीपासून सव्वादोनशे किलोमीटरवर आहे, राज्य तेच, कोटा तोच, आणि वहिनींना बदलीची नाही तरी शनिवारी-रविवारी ये-जा करायची सोय राहते.

ती दुसरं काही म्हणाली, तर कंपनीला या शुक्रवारपर्यंत लिहा. तीन गोष्टी मागा. एक, व्हेरिएबल सोडून ठरलेला पगार १८ लाख. ११ वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाने हे मागण्यात काही गैर नाही, आणि नाही म्हणाले तरी सहसा ऑफर मागे घेत नाहीत, हे मी टेबलाच्या पलीकडून सांगतेय. दोन, स्थलांतराचा खर्च बिलांवर, त्यात पहिल्या महिन्याचं गेस्ट हाउस. तो खर्च आणि जॉइनिंग बोनस वर्षाच्या आत नोकरी सोडली तर सहसा परत द्यावा लागतो, ते कलम कुठे आहे ते शोधून वाचा. तीन, प्रोबेशन सहाऐवजी तीन महिन्यांचं, म्हणजे तुम्ही लवकर कायम झालेले असाल आणि मगच शाळेची फी भरायची की नाही हे ठरवता येईल. फोनवर बोललात तरी त्याच संध्याकाळी मेल टाका, 'आपलं असं बोलणं झालं' म्हणून. त्यांचं उत्तर काय आलं ते मला कळवा, ऑफर लेटरचं दुसरं पान आणि ती वहीतली दोन पानंही पाठवा. मी रविवारी बसते.